येशू यहूदी होता, मग चर्च यहूद्यांच्या विरोधात कधी आणि कसं गेलं?

झावळी:
नमस्कार मंडळी. मी वसईची, कॅथलिक. झावळ्यांच्या रविवारी आमच्या धर्मग्रामात प्रभूच्या दुःखसहनाचं वाचन होतं. येशूचे शब्द फादर वाचतात, निवेदन एक वाचक करतो आणि जमावाची वाक्यं आम्ही सगळे बाकांवरून म्हणतो. ‘ह्याला वधस्तंभावर खिळा’ हे वाक्य मी लहानपणापासून म्हणत आले आहे. या वेळी मत्तयचं शुभवर्तमान (बायबलमधल्या येशूच्या चार चरित्रांपैकी एक) होतं, म्हणजे ‘त्याचे रक्त आमच्यावर व आमच्या मुलाबाळांवर असो’ हेही आलं. माझी नऊ वर्षांची लेक माझ्या शेजारी उभी राहून मोठ्यांदा म्हणत होती.

घरी येताना तिने विचारलं, ‘आई, हे बोलणारे लोक कोण?’ म्हटलं, यहूदी. ‘आणि येशू कोण?’ म्हटलं, तोही यहूदीच. त्यावर ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, ‘मग त्यांच्याच घरातलं भांडण आपण कशाला म्हणतो?’

मला उत्तर देता आलं नाही. आठव्या दिवशी सुंता झालेला, वल्हांडणाच्या सणाला यरुशलेमला जाणारा, शब्बाथला, म्हणजे शनिवारी, सभास्थानात, यहूद्यांच्या प्रार्थनाघरात, उभं राहून यशया संदेष्ट्याचा ग्रंथ वाचणारा हा माणूस. त्याच्या नावाने उभ्या राहिलेल्या धर्माने त्याच्याच लोकांना देवाचे मारेकरी ठरवलं. याला किती वर्षं लागली? वळण कुठे लागलं? जाणकारांनी सविस्तर लिहावं, घाई नाही.

कुंदा_प:
तुमच्या लेकीला माझा आशीर्वाद सांगा. वाचतेय.

तळटीप:
झावळीताई, विषय माझ्या आवडीचा आहे म्हणून लांबण लावतो.

पहिली वीस वर्षं तर ‘ख्रिस्ती विरुद्ध यहूदी’ असा प्रश्नच नव्हता. येशूला क्रुसावर दिलं ते इसवी सन 30 च्या आसपास. त्यानंतर यरुशलेमातल्या मंडळीचा प्रमुख होता येशूचा भाऊ याकोब. ही माणसं मंदिरात जात होती, सण पाळत होती. त्यांचं म्हणणं एवढंच की ज्या मसीहाची आपण वाट पाहत होतो तो येऊन गेला. यहूद्यांमध्ये तेव्हा परुशी होते, सदूकी होते, एसेनी होते, त्यात हा आणखी एक पंथ.

पहिला पेच पडला तो जेवणाच्या पानावर. सीरिया प्रांतातल्या अंत्युखियात यहूदी नसलेले, म्हणजे परराष्ट्रीय लोक येशूवर विश्वास ठेवू लागले. त्यांची सुंता करायची का? त्यांच्या पंक्तीला बसायचं का? येशूचा शिष्य पेत्र आधी त्यांच्याबरोबर जेवत होता. याकोबाकडची माणसं आली तसा तो पंक्तीतून उठला, आणि परराष्ट्रीयांत येशूचा प्रचार करणाऱ्या पौलाने त्याला सगळ्यांसमोर सुनावलं. हे गलतीकरांस पत्रात पौलाने स्वतःच लिहिलंय. पंक्ती आणि सोवळं आपल्याला नवं नाही, त्यामुळे हा प्रसंग मराठी माणसाला लगेच कळतो. यरुशलेमात बैठक झाली ती साधारण 49 साली. ठरलं असं की परराष्ट्रीयांना सुंतेची सक्ती नको. भांडणारे दोन्ही बाजूंचे लोक यहूदीच होते.

या निर्णयाचा परिणाम पुढे शंभर वर्षांत दिसला. दार उघडल्यावर परराष्ट्रीय इतके आत आले की मूळचे घरवाले अल्पसंख्य झाले.

रोखठोक:
शब्द जपून वापरा. ‘अँटिसेमिटिझम’ हा शब्द 1879 मध्ये विल्हेल्म मार या जर्मन माणसाने प्रचारात आणला. त्यात वंश आहे, रक्त आहे. दुसऱ्या शतकातला बिशप यहूदी धर्माला विरोध करत होता, वंशाला नव्हे. यहूदी माणसाने बाप्तिस्मा घेतला की त्याच्यापुरतं प्रकरण संपत होतं. दोन्ही गोष्टी एका पोत्यात भरू नका.

कातळशिल्प:
शिवाय यहूद्यांचा द्वेष ख्रिस्ती लोकांनी शोधून काढलेला नाही. अलेक्झांड्रियात 38 साली यहूद्यांच्या कत्तली झाल्या तेव्हा ख्रिस्ती म्हणजे मूठभर लोक होते. रोमी इतिहासकार टॅसिटसने यहूद्यांविषयी जे लिहिलंय ते वाचा. परदेशी देव, वेगळं जेवण, आठवड्यातून एक दिवस काम बंद, या गोष्टींचा ग्रीक-रोमी लोकांना आधीपासूनच राग होता.

तळटीप:
दोघांचंही मान्य. पण रोमी माणसाची कुरकुर वेगळी आणि ‘यांनी देवाला मारलं’ हा आरोप वेगळा. कुरकुर विरून जाते. देवाच्या खुनाचा आरोप पिढ्यान्पिढ्या चालतो, कारण तो दर वर्षी प्रार्थनेत वाचला जातो. झावळीताईंच्या प्रश्नातली खरी जागा तीच आहे.

नगरची_माई:
मी पाळकाची मुलगी, अहमदनगरच्या मिशन कंपाउंडात वाढलेली. मला थोडं दुखतंय हे वाचून, म्हणून स्पष्ट लिहिते. नव्या करारावर खापर फोडू नका. पौलाने रोमकरांस पत्रात तीन अध्याय, नऊ ते अकरा, याच दुःखावर खर्च केलेत. आपल्या भाऊबंदांसाठी आपण शापित व्हायलाही तयार आहोत असं तो म्हणतो. जैतुनाच्या झाडाचा दाखला देऊन परराष्ट्रीयांना बजावतो की तुम्ही रानटी फांदी, तुमचं कलम केलंय. तोडलेल्या फांद्यांपुढे तोरा मिरवू नका. मुळाला तुम्ही आधार दिलेला नाही, मुळाने तुम्हाला दिलाय. योहानाच्या शुभवर्तमानात येशू शोमरोनी स्त्रीला सांगतो की तारण यहूद्यांतून आहे. हे सगळं तिथेच आहे ना?

तळटीप:
माई, आहे. आणि त्याच योहानात येशू समोरच्या यहूद्यांना ‘तुमचा बाप सैतान’ असंही म्हणतो, आठव्या अध्यायात. ‘यहूदी’ हा शब्द त्या पुस्तकात सत्तरच्या आसपास वेळा येतो आणि अनेकदा विरोधक या अर्थाने येतो. मार्कच्या शुभवर्तमानात शास्त्री, परुशी, याजक असे वेगवेगळे लोक दिसतात. योहानापर्यंत येताना त्या सगळ्यांचे मिळून ‘यहूदी’ होतात.

असं का झालं? कारण मधे 70 साल आहे. रोमी सेनापती टायटसच्या फौजेने यरुशलेमचं मंदिर जाळलं. मंदिर गेल्यावर सदूकी संपले, एसेनी संपले. उरले दोन वारसदार, परुशांच्या परंपरेतले रब्बी आणि येशूचे अनुयायी. दोघांकडे ग्रंथ तोच, देव तोच, आणि दोघंही म्हणताहेत की खरा इस्राएल आम्ही. याला मराठीत भाऊबंदकी म्हणतात. मत्तय आणि योहान हे ग्रंथ या भाऊबंदकीच्या ऐन भरात, पहिल्या शतकाच्या शेवटच्या दोन-तीन दशकांत लिहिले गेले. योहानाच्या नवव्या अध्यायात सभास्थानातून बाहेर काढल्याचा उल्लेख आहे, त्यात ती ताजी जखम दिसते. संदेष्टे आपल्या लोकांना याहून कठोर बोलले होते. यिर्मया वाचा, आमोस वाचा. घरातली माणसं एकमेकांना बोलतात तसं.

शनवारतेली:
बिरड्याचा रोजा!

माफ करा, 70 साल आलं म्हणून राहवलं नाही. मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातला मराठी यहूदी, घराणं अलिबागजवळचं, आता मुक्काम इस्राएलमधलं अश्दोद. मंदिर पडलं त्या दिवसाचा उपास आमच्या घरात अजूनही बिरड्याचा रोजा म्हणूनच ओळखतात. उपास सोडताना वालाचं बिरडं. आजी म्हणायची, वाल सोलता सोलता अर्धी प्रार्थना होते. कोकणातल्या तेल्याच्या घरात टायटसने जाळलेल्या मंदिराचं सुतक असं धरलं जायचं.

तळटीपदादा, लिहीत राहा. मी मुद्द्याचं नंतर लिहितो.

कुंदा_प:
वाह! आमच्या पाठारे प्रभूंच्या घरात बिरडं म्हणजे श्रावण सोमवार. या वाटेने वाल यरुशलेमला पोचेल असं वाटलं नव्हतं.

अडगुळं:
एक कळत नाही. रोमी सुभेदार पिलाताने शिक्षा दिली, रोमी शिपायांनी खिळे ठोकले, क्रूस ही शिक्षाच रोमी. मग रोमी लोक सुटले कसे?

कातळशिल्प:
कारण लिहिणाऱ्यांना रोमी साम्राज्यात राहायचं होतं. ज्याचा गुरू राजद्रोही म्हणून रोमने मारला, त्या पंथाने ‘आम्ही बंडखोर नाही’ हे कसं पटवायचं? मार्कमध्ये पिलात जमावापुढे नमतो. मत्तयात तो हात धुतो. लूकमध्ये तीनदा निर्दोष म्हणतो. प्रत्यक्षातला पिलात कसा होता हे फायलो आणि जोसेफस या दोन यहूदी लेखकांनी लिहून ठेवलंय, तो क्रूर आणि हट्टी होता. शोमरोनी लोकांच्या कत्तलीनंतर 36 साली त्याला रोमला परत बोलावलं गेलं. पुढे इथिओपियाच्या चर्चने तर त्याला संत मानलं. पिलाताच्या हातावरचं रक्त जसजसं पुसलं गेलं, तसतसं ते दुसऱ्या कुणाच्या हातावर दिसू लागलं.

तळटीप:
यात पैशाचीही एक बाजू आहे. मंदिर असताना प्रत्येक यहूदी पुरुष वर्षाला अर्धा शेकेल मंदिराला द्यायचा. 70 नंतर रोमने तीच रक्कम, दोन द्राख्मे, रोममधल्या ज्युपिटरच्या देवळासाठी कर म्हणून लावली. सम्राट डोमिशियनच्या काळात वसुली फार कडक झाली, कोण यहूदी आणि कोण नाही याच्या झडत्या होऊ लागल्या. 96 साली पुढचा सम्राट नर्व्हा याने ती छळणूक थांबवली आणि तसं नाण्यावर छापलं. आता कल्पना करा, अशा वेळी ‘आम्ही त्यांच्यातले नाही’ हे सांगण्याला व्यवहारातही किंमत आली.

पण पूर्ण वेगळं होऊनही चालणार नव्हतं. रोमी लोक जुन्या धर्माला मान द्यायचे, नव्याला संशयाने बघायचे. ख्रिस्ती लोकांना प्राचीन मूळ हवं होतं आणि ते यहूद्यांच्या ग्रंथात होतं. त्यामुळे ग्रंथ ठेवायचा आणि माणसं सोडायची, असा विचित्र मार्ग निघाला. 144 च्या सुमारास मार्सियन नावाचा ख्रिस्ती शिक्षक म्हणाला, जुना करारच टाकून द्या, तो देवच वेगळा. रोमच्या मंडळीने मार्सियनला बाहेर काढलं. जुना करार टिकला, हे उत्तम झालं. पण तो ‘आमचा, तुमचा नव्हे’ या अटीवर टिकला. जस्टिन या ख्रिस्ती लेखकाने 160 च्या आसपास ट्रायफो नावाच्या यहूद्याशी संवाद लिहिला, त्यात तो सरळ म्हणतो की हे ग्रंथ तुमचे नाहीत, आमचे आहेत, कारण तुम्ही वाचता पण तुम्हाला अर्थ कळत नाही. सातबाऱ्यावरून मूळ मालकाचं नावच खोडलं. सुंता ही यहूद्यांच्या देवाशी झालेल्या कराराची खूण. जस्टिन सांगतो की ती तुम्हाला दिली ती ओळखून शिक्षा करता यावी म्हणून. हे तो रोमविरुद्धचं बार कोखबाचं यहूदी बंड (132 ते 135) चिरडलं गेल्यावर, यहूद्यांना यरुशलेमात पाऊल टाकायची बंदी झाल्यावर लिहितोय.

रोखठोक:
हे मला माहीत नव्हतं. वाचतो आहे.

नगरची_माई:
भाऊबंदकी म्हणालात ते पटलं. पण जस्टिन शोमरोन प्रदेशातला परराष्ट्रीय, तो भाऊबंद नव्हताच. म्हणजे घरातली शिवी तिऱ्हाइताने उचलली. यिर्मया ‘हट्टी लोक’ म्हणतो तेव्हा तो रडत असतो. तेच शब्द जस्टिन म्हणतो तेव्हा तो वादात जिंकत असतो. माझ्या वडिलांनी आयुष्यभर उपदेश केले, पण हा फरक मला कुणी असा दाखवला नव्हता. खापराबद्दल मी वर लिहिलं ते मागे घेत नाही, पण राग ओसरला.

तळटीप:
माई, मी चार परिच्छेदांत जे सांगू पाहत होतो ते तुम्ही दोन ओळींत सांगितलंत.

आता देवाच्या खुनाचा आरोप. तो स्पष्ट शब्दांत प्रथम मांडला सार्दीसचा (आजच्या तुर्कस्तानातलं गाव) बिशप मेलितो याने, 160-170 च्या दरम्यान, वल्हांडणावरच्या प्रवचनात. देवाला मारलं, इस्राएलच्या उजव्या हाताने मारलं, असं तो म्हणतो. पिलाताला जवळपास जागाच नाही. आणि गंमत नाही, वेदना आहे यात, की मेलितो स्वतः यहूद्यांच्याच तारखेला, निसान महिन्याच्या चौदाव्या दिवशी सण पाळणाऱ्यांपैकी होता. म्हणजे शेजारी यहूदी कुटुंबं बेखमीर भाकर घेऊन बसली आहेत, सुटकेची गोष्ट मुलांना सांगताहेत, आणि त्याच रात्री हा ते प्रवचन वाचतोय. सार्दीसला 1962 मध्ये उत्खननात प्राचीन जगातलं फार मोठं सभास्थान सापडलं. ते मेलितोनंतरचं, पण त्या गावात यहूदी किती रुजलेले होते हे त्यावरून कळतं.

अडगुळं:
तारखेवरून आठवलं. ईस्टर दर वर्षी वेगळ्या तारखेला का येतो?

झावळी:
हे मला येतं! वसंत संपातानंतरची पहिली पौर्णिमा, तिच्यानंतरचा रविवार. वल्हांडण पौर्णिमेला. त्यामुळे कधी कधी वल्हांडण आणि आपली चैत्री पौर्णिमा, हनुमान जयंती, अगदी पाठोपाठ येतात. 2024 ला तसंच झालं होतं.

तळटीप:
बरोबर. आणि हा नियम ठरताना द्वेषाला राजमुद्रा मिळाली. 325 साली नायसियाच्या परिषदेत ठरलं की सगळ्या मंडळ्यांनी ईस्टर एकाच रविवारी पाळावा. त्यानंतर सम्राट कॉन्स्टंटाइनने मंडळ्यांना पत्र पाठवलं, चर्चचा इतिहासकार युसेबियसने ते जपून ठेवलंय. त्यात पंचांगाचं कारण थोडं आणि यहूद्यांविषयीची घृणा जास्त. प्रभूला मारणाऱ्या लोकांकडून तारीख विचारून घेणं लाजिरवाणं आहे, त्यांच्याशी आपलं काही सामाईक नको, असा सूर. हेच शब्द मेलितो बोलला तेव्हा त्याच्या हाती सत्ता नव्हती, तो छळल्या जाणाऱ्या अल्पसंख्य पंथातला होता. आता सम्राट बोलतोय.

शनवारतेली:
दादा, इथे मी थोडा अडवतो. भाऊबंदकी हा शब्द आता पुरे. भाऊबंदकीत दोघांच्याही हातात काठी असते. 325 नंतर एकाच्याच हातात होती.

तळटीप:
मान्य. चुकलं माझं. शब्द पहिल्या शतकापुरताच ठेवतो.

कातळशिल्प:
पुढचं मी लिहितो. 388 साली युफ्रेटिसकाठी कॅलिनिकम गावात बिशपच्या चिथावणीने जमावाने सभास्थान जाळलं. हे आजच्या सीरियातलं रक्का. सम्राट थिओडोसियस स्वतः कट्टर ख्रिस्ती, तरी त्याने कायद्याला धरून हुकूम दिला की बिशपने आपल्या खर्चाने ते बांधून द्यावं. यहूदी धर्म रोमी कायद्यात तेव्हाही वैध होता. मिलानचा बिशप अँब्रोज याने विरोध केला. आधी पत्र लिहिलं, मग भर चर्चमध्ये सम्राटाला अडवलं आणि शब्द घेतल्याशिवाय वेदीकडे गेला नाही. थिओडोसियसने हुकूम मागे घेतला.

मला हा सगळा इतिहास या एका प्रसंगात दिसतो. मेलितोचं प्रवचन तोवर चर्चमध्ये होतं. कॅलिनिकमनंतर जळलेल्या सभास्थानाची भरपाईही होणार नाही हे सगळ्यांना कळलं. 438 च्या सुमारास थिओडोसियस दुसरा याने यहूद्यांना सरकारी पदांवरूनही काढलं, नवी सभास्थानं बांधायला बंदी घातली.

झावळी:
हे वाचून मी काल रात्री बराच वेळ झोपले नाही. अँब्रोज आमचा संत आहे. त्याची स्तोत्रं गातो आम्ही.

एक विचारते. सामान्य माणसं काय करत होती? बिशप भांडत होते ते ठीक, पण शेजारी शेजारी राहणारे लोक?

तळटीप:
ताई, हा सगळ्यात चांगला प्रश्न. उत्तर त्या शिव्यांमध्येच दडलंय.

386-387 मध्ये अंत्युखियात योहान ख्रिसोस्तोम या धर्मगुरूने यहूद्यांविरुद्ध आठ प्रवचनं दिली. सोन्याच्या मुखाचा म्हणून त्याची ख्याती. सभास्थानाला त्याने वेश्यागृह म्हटलं, नाटकशाळा म्हटलं, जनावरांची गुहा म्हटलं. पण ही प्रवचनं समोर बसलेल्या ख्रिस्ती लोकांसाठी होती. तो त्यांच्यावर चिडला होता, कारण ते यहूद्यांच्या सणांना जात होते! शिंगांचा नाद ऐकायला नववर्षाला जायचे, त्यांच्याबरोबर उपास धरायचे, आजारी पडले की जवळच्या दाफ्ने या उपनगरातल्या मात्रोना नावाच्या यहूदी ठिकाणी रात्र काढायला जायचे. व्यवहारात शपथ घ्यायची तर सभास्थानात, कारण तिथली शपथ जास्त कडक मानली जायची. पहिल्याच प्रवचनात तो सांगतो की एका ख्रिस्ती बाईला एक माणूस तशा शपथेसाठी सभास्थानात ओढून नेत होता.

परिषदांचे नियम असेच उलटे वाचावेत. स्पेनमधल्या एल्व्हिरात 305 च्या सुमारास नियम झाला की यहूद्यांकडून शेतातल्या पिकाला आशीर्वाद घेऊ नका. म्हणजे ख्रिस्ती शेतकरी घेत होते. लाओदिकियात 360 नंतर ठरलं की शब्बाथला काम बंद ठेवू नका, यहूद्यांच्या सणाची बेखमीर भाकर घेऊ नका. म्हणजे भाकर घरोघर पोचत होती. साडेतीनशे वर्षांनंतरही. शेजाऱ्यांनी एकमेकांना सोडलं नव्हतं. ते सुटावेत म्हणून वरून एवढा जोर लावावा लागला.

आणि हे कोणतं गाव? अंत्युखिया. पेत्र जिथे पंक्तीतून उठला, शिष्यांना जिथे प्रथम ‘ख्रिस्ती’ हे नाव पडलं, तेच.

कुंदा_प:
पिकाला आशीर्वाद... डोळ्यांसमोर आलं. आमच्या गावी पीरबाबाला पहिलं कणीस वाहतात, तसंच असणार.

अडगुळं:
आणि जे यहूदीही होते आणि येशूलाही मानत होते, याकोबाच्या वाटेवरचे, त्यांचं काय झालं?

तळटीप:
दोन्हीकडून दारं बंद झाली. चौथ्या शतकाच्या शेवटापर्यंत त्यांचे उल्लेख मिळतात, नाझरीन, एबिओनी अशा नावांनी. धर्मपंडित जेरोमने बिशप ऑगस्टीनला लिहिलंय की त्यांना यहूदीही व्हायचं आहे आणि ख्रिस्तीही, म्हणून ते दोन्ही नाहीत. हा जेरोम स्वतः हिब्रू शिकला तो यहूदी गुरूंकडून. येशूच्या घरच्या माणसांचा पंथ पाखंडी ठरला, याचं मला फार वाईट वाटतं.

पोफळी:
गोव्यातून लिहिते. रोखठोक म्हणाले की बाप्तिस्मा घेतला की प्रकरण संपत होतं. आमच्याकडे नाही संपलं. स्पेनमध्ये तोलेदोला 1449 साली ‘रक्ताच्या शुद्धतेचा’ पहिला नियम झाला, बाटून ख्रिस्ती झालेल्या यहूद्यांच्या वंशजांना पदं नाकारणारा. तीच हवा पोर्तुगालमार्गे गोव्यात आली. धर्मन्यायालय (इन्क्विझिशन) 1560 ला बसलं, 1812 ला कायमचं उठलं. गार्सिया द ओर्ता, ज्याने इथल्या औषधी वनस्पतींवर ग्रंथ लिहून 1563 मध्ये गोव्यातच छापला, तो अशाच घरातला. 1568 ला वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला, कातारिनाला, यहूदी रीत पाळल्याबद्दल जाळलं. 1580 मध्ये त्याची हाडं उकरून जाळली. मेलेल्या माणसाची हाडं! तिथे धर्म उरला नव्हता, रक्तच बघितलं जात होतं.

रोखठोक:
पोफळीताई, बरोबर. माझी सीमारेषा 1879 ची होती, ती बरीच मागे न्यावी लागेल. पोत्याबद्दलचं विधान मागे घेतो.

नगरची_माई:
ऑगस्टीनचं एक राहिलं. तो म्हणाला, यहूद्यांना मारू नका. 59 व्या स्तोत्रातला ‘त्यांना जिवे मारू नको’ हा आधार घेतला. कारण? ते आमच्या ग्रंथांचे साक्षीदार, आमची पुस्तकं वाहून नेणारे. जगू द्या, पण पांगलेले आणि खाली दबलेले. लहानपणी मला हे दयाळूपणाचं वाटायचं. या धाग्यानंतर पुन्हा वाचलं. जीव वाचले असतील त्याने, ते मी नाकारत नाही, पण माणसाला आपल्या पुस्तकाचा हमाल म्हणून जगू देणं याला मी दया म्हणणार नाही.

शनवारतेली:
मुद्द्याचं लिहितो म्हणालो होतो.

कोकणात आमच्या लोकांना हा आरोप कुणी केला नाही. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, अशी आमची कथा. तेल गाळायचे, शनिवारी घाणा बंद, म्हणून शनिवार तेली. ‘तुम्ही देवाला मारलंत’ हे आमच्या पूर्वजांना कुणी सांगितलं असतं तर त्यांना कोणत्या देवाबद्दल बोलताय तेच कळलं नसतं. इकडे आल्यावर पोलंड, हंगेरीहून आलेल्या शेजाऱ्यांकडून ऐकलं की गुड फ्रायडेला त्यांच्या घरात खिडक्या लावून बसायचे. दुःखसहनाचं वाचन ऐकून चर्चमधून लोक बाहेर पडत, तो दिवस त्यांना धोक्याचा वाटायचा. मी तर अलिबागेत गुड फ्रायडेला क्रिकेट खेळलोय.

पण मिशनऱ्यांचंही सांगतो, कारण खरं ते सगळं सांगावं. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी 1832 मध्ये मराठीतून हिब्रूचं व्याकरण छापलं. आमच्या लोकांना ख्रिस्ती करावं हा हेतू होता. ख्रिस्ती झाले फार थोडे. बाकीचे त्या शाळांत हिब्रू शिकले आणि आपली तोरा स्वतः वाचायला लागले. माझ्या पणजोबांच्या पिढीला याबद्दल कृतज्ञता होती आणि मलाही आहे.

झावळीताई, तुमच्या चर्चने पुढे काय केलं तेही तुम्हीच लिहा ना.

झावळी:
लिहिते. फादरांना विचारून आणि वाचून आले आहे.

गुड फ्रायडेच्या प्रार्थनेत शतकानुशतकं ‘विश्वासघातकी यहूद्यांसाठी’ असे शब्द होते. तेविसाव्या योहान पोपनी 1959 मध्ये तो शब्द काढला. 1960 मध्ये त्यांना ज्यूल इझाक नावाचे फ्रेंच यहूदी इतिहासकार भेटले, वय ऐंशीच्या वर. त्यांची बायको आणि मुलगी नाझींच्या आउश्वित्झ छळछावणीत मारल्या गेल्या होत्या. चर्चच्या शिकवणीत हा तिरस्कार कसा भिनला, हे त्यांनी आयुष्याच्या शेवटी शोधून लिहिलं होतं. आणि 28 ऑक्टोबर 1965 ला दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने जाहीर केलं की येशूच्या मृत्यूचा दोष त्या काळच्या सगळ्या यहूद्यांवर आणि आजच्या यहूद्यांवर लादता येणार नाही. त्या दस्तऐवजात जैतुनाचं झाडही आहे, माई, रोमकरांस पत्रातलं तुमचं.

फादरांना मी सांगितलं, वाचन तेच राहू द्या, पण आधी दोन ओळी कुणीतरी बोलाव्यात. ते म्हणाले, तूच लिही आणि तूच वाच. हा मसुदा, सगळ्यांनी सुधारा:

‘आपण आता जे वाचन ऐकणार आहोत त्यात जमाव यहूदी आहे. येशूही यहूदी आहे. त्याची आई मरिया, पेत्र, योहान आणि वाटेवर रडणाऱ्या स्त्रियाही यहूदी आहेत. शिक्षा रोमी सुभेदाराने दिली. जमावाचे शब्द आपण म्हणू तेव्हा ते आपले म्हणून म्हणू.’

रोखठोक:
‘सुभेदार’ लोकांना कळेल? पिलात असंच म्हणा, नाव सगळ्यांना ठाऊक आहे.

नगरची_माई:
शेवटचं वाक्य तसंच ठेव. त्याला हात लावू नकोस.

तळटीप:
‘जमाव यहूदी आहे’ ऐवजी ‘जमावातली माणसं यहूदी आहेत’. जमाव म्हटलं की चेहरे जातात.

शनवारतेली:
एक सुचवू? येशूच्या आईला घरात मिर्याम म्हणत असणार. माझ्या आजीचं नाव तेच, बिरडं सोलणारी ती. ‘त्याची आई मिर्याम, जिला आपण मरिया म्हणतो’ असं लिहा.

झावळी:
लिहिलं. लेकीला वाचून दाखवलं, मिर्याम तिला एकदम आवडलं. ती विचारतेय की तुमच्या आजी बिरड्यात नारळ घालायच्या का.

शनवारतेली:
घालायच्या, भरपूर. दूध काढून. तिला सांगा, अश्दोदला नारळ मिळतो.